यादीतले शेवटचे नाव

मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियांची यादी आदल्या दुपारीच तयार होते. विभागातला एखादा निवासी डॉक्टर ती लिहितो, वरिष्ठ शल्यविशारद तिच्यावरून नजर फिरवतात, आणि मग तिच्या प्रती भूलशास्त्र विभागाकडे, शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिकेकडे आणि वॉर्डात जातात. नाव, वय, खाटेचा क्रमांक, निदान, करावयाची शस्त्रक्रिया असे पाच-सहा रकाने. वरवर पाहता हे एक कार्यालयीन टिपण. परंतु वॉर्डातल्या माणसांच्या लेखी त्या कागदाला पंचांगातल्या मुहूर्ताचे मोल असते. आपल्या माणसाचे नाव आले की नाही हे पाहण्यासाठी नातेवाईक सिस्टरांच्या टेबलापाशी दोन-दोनदा घुटमळून जातात. नाव आले की गावाकडे फोन होतात, पुण्याहून किंवा कोल्हापुराहून धाकटा भाऊ रात्रीची एस.टी. धरतो, रक्त द्यायला कबूल झालेल्या शेजाऱ्याला पुन्हा एकदा आठवण केली जाते, आणि कुलदैवताला नारळ बोलला जातो.

या यादीतला क्रम सहजासहजी पडलेला नसतो. लहान मुलाला फार वेळ उपाशी ठेवता येत नाही, म्हणून मूल आधी. मधुमेही रोग्याची साखर उपासाने खाली-वर होते, म्हणून त्याचे नाव वर. फार वेळ चालणारी शस्त्रक्रिया सकाळीच सुरू केलेली बरी, म्हणून तिला पहिले स्थान. पू झालेली जखम अखेरीस, कारण तिच्यानंतर खोली नीट धुऊन घ्यावी लागते. अशा एकेका रास्त कारणाने नावे वर सरकत गेली की खाली जी उरतात, त्यांत बहुधा एखाद्या मध्यम वयाच्या, अंगाने धडधाकट आणि साध्या दुखण्याच्या माणसाचे नाव असते. त्याचा दोष इतकाच, की त्याला थांबता येते, असे सर्वांना वाटते.

नवी मुंबईच्या घाऊक बाजारात पोती वाहणाऱ्या, मूळच्या साताऱ्याकडच्या एखाद्या माथाडी कामगाराचे नाव या जागी आहे असे समजू. जांघेत हर्निया. ओझे उचलू नये असे डॉक्टरांनी सांगितलेले, आणि ओझे उचलण्यावाचून त्याला दुसरा धंदा ठाऊक नाही. नोंदणी, रक्ततपासणी, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, भूलतज्ज्ञाची तपासणी अशा खेपा करीत त्याने दोन महिने काढले आहेत. पत्नी खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून झोपते. रात्री बारानंतर तोंडात काही घालायचे नाही, असे त्याला बजावलेले आहे. सकाळी त्याला हिरवा गाऊन दिला जातो, कमरेचा करगोटा काढायला सांगितले जाते, हातात सुई टोचून सलाइन लावले जाते. दुपारी अडीचला सिस्टर येऊन म्हणतात, ‘‘मामा, आज तुमचे होणार नाही. जेवून घ्या.’’

एवढेच. या दोन वाक्यांमागे काय घडले असेल, याचा शोध तो पुढचे कित्येक दिवस घेत राहतो. कोणाचा वशिला लागला असेल. कोणी पैसे चारले असतील. डॉक्टर सुट्टीवर गेले असतील. आपल्याला दुसराच काही मोठा रोग निघाला असेल आणि तो लपवीत असतील. खरे कारण यांपैकी एकही नसण्याचा संभव अधिक असतो. परंतु कारण न सांगितल्याने जी पोकळी उरते, ती माणसाचे मन रिकामी ठेवीत नाही.

ऐनवेळी शस्त्रक्रिया रद्द होण्याची कारणे असंख्य दिसली तरी ती साधारणतः तीन वाटांनी येतात. पहिली वाट खुद्द रोग्याच्या शरीरातून येते. भूलतज्ज्ञाने तीन आठवड्यांपूर्वी तपासून हिरवा कंदील दाखवलेला असतो. पण शरीर तीन आठवडे त्याच जागी उभे राहत नाही. सकाळी ताप भरतो. खोकला सुरू होतो. सर्दी झालेल्या मुलाला भूल दिली तर त्याचा श्वासमार्ग अकस्मात आकसण्याची भीती असते. म्हणून नाक वाहणारे मूल पाहिले की अनुभवी भूलतज्ज्ञ काही आठवडे थांबायला सांगतो, आणि आईला वाटते, एवढ्याशा सर्दीचे ते काय! कोणाचा रक्तदाब वाढलेला असतो. त्या वाढीमागेही कित्येकदा एक साधी गफलत असते. ‘काही घ्यायचे नाही’ हा हुकूम रोग्याने इतका निष्ठेने पाळलेला असतो, की रोजची रक्तदाबाची गोळीही त्याने वर्ज्य केलेली असते. ती घोटभर पाण्याबरोबर घ्यायची होती, हे त्याला कोणी सुटे करून सांगितलेले नसते. उलट रक्त पातळ करणारी जी गोळी काही दिवस आधीच बंद करायला हवी होती, ती त्याने नेमाने चालू ठेवलेली असते.

उपाशी राहण्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. १९४६ साली कर्टिस मेंडेल्सन या न्यूयॉर्कच्या प्रसूतितज्ज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. भुलेखालच्या बाळंतपणात पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात गेल्याची ६६ उदाहरणे त्याने आपल्या रुग्णालयाच्या ४४ हजारांवर बाळंतपणांच्या नोंदींतून काढली होती. भुलेखाली माणसाची खोकण्याची, गिळण्याची राखणदार प्रतिक्रिया निजलेली असते; म्हणून पोट रिकामे हवे. आज सामान्यतः हलक्या जेवणानंतर सहा तास आणि स्वच्छ पाण्यानंतर दोन तास हा हिशेब मानला जातो. दुधाचा चहा मात्र पाण्यात धरत नाहीत. त्याची गणना अन्नात. पण मराठी घरात चहा हे अन्न कधी होते? पहाटे पाचला थरकाप झालेल्या नवऱ्याला बायकोने थर्मासातला अर्धा कप चहा दिला, तर तिने त्याला खायला दिले असे तिच्या स्वप्नातही येत नाही. त्यातून सांगणाऱ्याने ‘उपाशी’ ऐवजी ‘उपवास’ असा शब्द वापरला, तर घोटाळा पुरा होतो. आपल्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, केळे चालते, शेंगदाण्याचा लाडू चालतो. आषाढी-कार्तिकी करणारी एखादी आजीबाई वरईचे तांदूळ खाऊन शुचिर्भूत मनाने स्ट्रेचरवर आडवी होते आणि ‘काही खाल्लेत का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही हो, उपवास आहे’ असे उत्तर देते. सुदैवाने एखादी भूलतज्ज्ञ बाई पुढचा प्रश्न विचारते आणि शस्त्रक्रिया त्या दिवसापुरती रद्द होते.

अशा वेळी रद्द होणे हे रुग्णालयाच्या सद्सद्विवेकाचे काम असते. १८४६च्या ऑक्टोबरात बोस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षी ती विद्या कलकत्त्याला पोहोचली. तेव्हापासून भूलशास्त्राने माणसाला निजवण्याची कला तर साधलीच; पण कोणाला आज निजवू नये हे ओळखणे, ही त्या शास्त्राची अधिक कष्टाने कमावलेली विद्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी जी एकोणीस मुद्द्यांची तपासणी-सूची पुढे आणली, तिचा आत्माही हाच: थांबा, मोठ्याने विचारा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर पुढे जाऊ नका. ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर रोग्याला दुष्ट वाटतो. त्याने वाचवलेला जीव वाचल्याचे कोणालाच कळत नाही, खुद्द त्या जिवालाही नाही.

दुसरी वाट दुसऱ्याच्या शरीरातून येते. सकाळी अकराला कॅज्युअल्टीच्या दारात रुळांवर पडलेला तरुण आणला जातो, किंवा गर्भनलिका फुटून पोटात रक्त साचलेली एखादी स्त्री. शस्त्रक्रियागृह तेच, भूलतज्ज्ञ तोच, रक्तपेढीही तीच. फक्त तातडीच्या कामासाठी राखून ठेवलेली वेगळी खोली आणि वेगळी माणसे जिथे आहेत, तिथे यादीला धक्का कमी लागतो. जिथे नाहीत तिथे नियोजित नावे खाली ढकलली जातात आणि शेवटची कागदाच्या कडेवरून पडतात. या न्यायाला कोणीही हरकत घेणार नाही. माथाडी कामगाराला ती स्त्री दाखवली असती आणि ‘मामा, आधी हिचे करू का?’ असे विचारले असते, तर त्याने स्वतः हातातली सुई काढून दिली असती. पण त्याला ती स्त्री दाखवली जात नाही, तिच्याविषयी सांगितलेही जात नाही.

तिसरी वाट व्यवस्थेतून येते, आणि ती सर्वांत लांब व सर्वांत कमी चर्चिलेली आहे. शल्यविशारद हर्नियाला एक तास धरतो. त्याचा तास त्वचेला सुरी लागल्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंतचा. शस्त्रक्रियागृहाचा तास मात्र वॉर्डातून स्ट्रेचर निघते तेव्हाच सुरू होतो: लिफ्टसाठी थांबणे, कागद तपासणे, भूल देणे, मग शस्त्रक्रिया, मग जागे करणे, फरशी पुसणे, दुसऱ्या पॅकची वाट पाहणे. या दोन तासांमधली तफावत प्रत्येक नावामागे साठत जाते. पहिले ऑपरेशन आठऐवजी सव्वानऊला सुरू झाले, दुसऱ्यात आतडी चिकटलेली निघाली, तिसऱ्यानंतर ऑटोक्लेव्हमधून हत्यारांचा संच यायला उशीर झाला, की चौथ्याची वेळ येईपर्यंत दुपार कलते. परिचारिकांची पाळी बदलते, संध्याकाळी माणसे मोजकी असतात, आणि नवे ऑपरेशन आता सुरू करू नये असे ठरते. यांपैकी एकही विलंब असा नसतो की ज्यासाठी कोणाला जाब विचारावा. म्हणूनच कोणी विचारीत नाही, आणि उद्याची यादी पुन्हा तितकीच लांब लिहिली जाते.

याच वाटेवर अतिदक्षता विभागातली खाट लागते. हृदयाची किंवा मेंदूची मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर रोग्याला तिथे न्यावे लागते. ती खाट रिकामी व्हायची, तर तिथल्या रोग्याला वॉर्डात जागा मिळाली पाहिजे. वॉर्डात जागा व्हायची, तर तिथला बरा झालेला माणूस घरी गेला पाहिजे. आणि तो घरी जायचा, तर त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर सही झाली पाहिजे, गावाकडून कोणी न्यायला आले पाहिजे. अशा रीतीने दूरच्या एखाद्या फाट्यावर चुकलेली एस.टी. मुंबईच्या शस्त्रक्रियागृहातले एक ऑपरेशन थांबवू शकते.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीशी निगडित असलेल्या आग्नेर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या संभाषणांचे गणित मांडले, आणि त्यातून रांगांचे शास्त्र वाढले. त्या शास्त्राचा एक निष्कर्ष व्यवहारी माणसाला सहसा पटत नाही. येणारी कामे अनियमित असतील, तर एखादी सेवा जसजशी शंभर टक्के गुंतलेल्या अवस्थेजवळ जाते, तसतशी तिच्यापुढची रांग प्रमाणात न वाढता बेसुमार वाढते. रुग्णालयात येणाऱ्या कामाइतके अनियमित काम दुसरे क्वचितच असेल. तरीही ‘आमच्याकडे एकही खाट रिकामी नसते’ हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते, आणि रिकामी खाट दिसली की हिशेब तपासणाऱ्याला ती उधळपट्टी वाटते. घरातल्या जाणत्या बाईला हे गणित न शिकता कळलेले असते. अवचित पाहुणा येईल म्हणून ती दोन भाकरी जास्त टाकते. त्या भाकरी उरल्या तर तिला कोणी उधळी म्हणत नाही.

या तिन्ही वाटा खाटेवर पडलेल्या माणसापाशी पोहोचतात तेव्हा त्यांचा रंग एकच झालेला असतो. एका वेळी त्याचा जीव वाचवण्यासाठी थांबवले जाते, दुसऱ्या वेळी दुसऱ्या कोणाचा, आणि तिसऱ्या वेळी केवळ कशाचा कशाला मेळ नव्हता म्हणून. त्याला तिन्ही वेळा ऐकू येते ते एकच: आज होणार नाही.

भाषेनेही या गोंधळात भर घातली आहे. जी शस्त्रक्रिया तातडीची नाही तिला इंग्रजीत ‘इलेक्टिव्ह’ म्हणतात, आणि मराठीत त्याचे भाषांतर कधी कधी ‘ऐच्छिक’ असे केले जाते. इच्छा कोणाची? कर्करोगाची गाठ काढण्याची शस्त्रक्रियाही बहुधा दिवस ठरवूनच होते. तिला ऐच्छिक म्हणणे हा क्रूर विनोद ठरेल. २०२०च्या मार्चमध्ये महासाथीच्या तोंडावर तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा सल्ला केंद्र सरकारने रुग्णालयांना दिला, तेव्हा देशभर यादीच्या याद्या कोऱ्या झाल्या. तो निर्णय त्या क्षणी समर्थनीय होता. परंतु थांबता येणारे दुखणे आणि न थांबणारे दुखणे यांच्यामधली रेघ किती पुसट आहे, हे त्या काळात अनेक घरांना कळून चुकले.

हर्नियाचेच पाहावे. आज तो जांघेतला एक फुगवटा असतो. आडवे झाले की आत जातो, उभे राहिले की बाहेर येतो. पण एखाद्या रात्री आतड्याचा वेटोळा त्या फटीत अडकतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि हाताशी मोजके तास उरतात. मग तोच माथाडी कामगार, ज्याचे नाव गेल्या महिन्यात दुपारी अडीचला यादीतून खोडले गेले, पहाटे कॅज्युअल्टीच्या दारातून आत आणला जातो. आता त्याला कोणी थांबवीत नाही. त्याच्यासाठी शस्त्रक्रियागृह उघडते, भूलतज्ज्ञ धावतो, आणि त्या दिवशीच्या यादीतले दुसरे कोणाचे तरी शेवटचे नाव खाली पडते. रद्द झालेले काम नाहीसे होत नाही. ते अधिक अवघड रूप घेऊन परतते.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने याबाबत एक बंधन स्वतःवर घालून घेतले आहे. वैद्यकीय नसलेल्या कारणाने ऐनवेळी शस्त्रक्रिया रद्द झाली, तर रोग्याला २८ दिवसांच्या आत दुसरी पक्की तारीख दिली पाहिजे. हे बंधन तिथेही नेहमी पाळले जाते असे नाही, आणि त्याने शस्त्रक्रिया रद्द होणेही थांबलेले नाही. पण त्याने एक गोष्ट मान्य केली: वचन मोडले गेले आहे, आणि मोडणाऱ्याकडे त्याची बाकी आहे. आपल्याकडे ही बाकी बहुधा रोग्याच्याच खात्यावर लिहिली जाते. त्याची बुडालेली मजुरी, भावाची बुडालेली रजा, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी मिनतवारीने मिळालेल्या जागेची संपत आलेली मुदत, पुन्हा काढाव्या लागणाऱ्या रक्ताच्या तपासण्या. रद्द झालेल्या शस्त्रक्रियेचा जमाखर्च कोणी मांडलाच, तर त्यात शस्त्रक्रियागृहाचे वाया गेलेले तास येतात; हे सारे येत नाही.

या साऱ्यात कोणी निर्दय असतो असेही नाही. यादी लिहिणारा निवासी डॉक्टर सकाळपासून उभा असतो आणि दुपारी अडीचला तोही उपाशीच असतो. त्याने पाचवे नाव आशेने लिहिलेले असते. चारच लिहिली तर पाचव्या माणसाला आणखी महिनाभर थांबावे लागेल, हे तो जाणतो. निरोप सांगणाऱ्या सिस्टरांनी तो निर्णय घेतलेला नसतो, पण नातेवाइकांचा राग त्यांनाच झेलावा लागतो. म्हणून त्या वाक्य आखूड ठेवतात आणि मागे न पाहता पुढच्या खाटेकडे वळतात. त्या आखूड वाक्यात कठोरपणापेक्षा स्वसंरक्षण अधिक असते.

त्या दिवशी केसपेपरवर मात्र कारण लिहिले जाते. ‘लॅक ऑफ ओ.टी. टाइम’, किंवा असेच काही, घाईच्या अक्षरात आणि इंग्रजीत. ते कागद पुठ्ठ्याच्या फायलीत घालून माणूस घरी जातो. ज्याच्याविषयी ती ओळ आहे, त्याला ती वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येते, त्याला ती सांगायला सवड नसते. त्या ओळीचे मराठीत भाषांतर करायला काही मिनिटे लागतील: ‘मामा, मधे एक बाई फार वाईट अवस्थेत आली, तिला आधी घ्यावे लागले. तुमच्या प्रकृतीत काही बिघाड नाही. येत्या मंगळवारी तुमचे नाव वर घेऊ. तोवर ओझे उचलू नका. आणि फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या झाल्या, तर रात्र असो, दिवस असो, तडक इथे या.’

हे ऐकलेला माणूसही रिकाम्या हातानेच घरी जातो. त्याची मजुरी बुडायची ती बुडतेच. परंतु पुढच्या एखाद्या रात्री जांघेत कळ उठली, तर त्याला कुठे जायचे हे ठाऊक असते, आणि तो निघतो. ज्याला काहीच सांगितलेले नाही, तो मात्र त्या रात्री अंधारात छताकडे पाहत पडून राहतो. गेलो तरी परत पाठवतील, सकाळपर्यंत पाहू, असे तो बायकोला म्हणतो. आणि अडकलेल्या आतड्याला सकाळपर्यंतचा वेळ नसतो.